धुरपदेचं शेत आणि मुठीत बसलेली थंडी

एक होता राजा. त्याचं नाव विचारू नका. त्याचं नाव घेतलं की माझं तोंड कडू होतं, आणि मग मला झोप लागत नाही. नुसतं राजा म्हणा. तेवढंही त्याला जास्तच आहे.

पाय आत घे गं रंजे. आणि दिग्या, गोधडी ओढू नकोस, ती सगळ्यांची आहे.

तर त्या राजाला एक खोड होती. जे काही असेल ते आधी त्याला. गाय व्याली, की चीक आधी राजवाड्यावर. बोरं पिकली, की पहिली पाटी राजवाड्यावर. आणि वर दवंडी पिटायची, "राजाच्या आधी कुणी हात लावला, तर हात तोडला जाईल!" मग काय, पोरं बोरीखाली नुसती माना वर करून उभी. बोरं टपाटप खाली पडतायत, आणि उचलायची सोय नाही. मला सांगताना आत्तासुद्धा राग येतो. बोर काय राजाला विचारून पिकतं?

त्याच राज्यात, लांब एका नदीच्या काठाला, धुरपदा नावाची बाई राहायची. काळ्याभोर जमिनीचं तिचं शेत होतं. त्यात ती शाळू पेरायची. शाळू म्हणजे थंडीतली ज्वारी. कामाला बाई वाघ होती. पण राग? राग नाकाच्या शेंड्यावर. बैल वाकडा गेला, की राग. भाकरीला पापुद्रा नाही सुटला, की राग. नवरा होता, गुणाजी म्हणून, पण तो फारसा बोलायचा नाही. त्याला बोलायला जागाच मिळायची नाही, बरं का. हसू नका. चांगला संसार चालला होता त्यांचा.

पण पौष लागला की धुरपदेचा राग जरा उतरायचा. का म्हणाल, तर शेतात सुख असायचं. सकाळी विहिरीच्या पाण्यातून वाफा निघायच्या. हात घातला तर पाणी कोमट. कडब्याच्या गंजीला पाठ लावून उन्हात बसायचं. हरभऱ्याचा डहाळा ओरबाडून खायचा, हात आंबट, ओठ आंबट. बाजरीच्या गरम भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायचा आणि तो विरघळायच्या आत खायचा. ह्याला पैसा लागत नाही की पालखी लागत नाही.

आणि सगळ्यांत वर, हुरडा. शेताच्या कडेला खड्डा करायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या. तिला म्हणायचं आगटी. निखारे फुलले, की कोवळी कणसं त्यात खुपसायची. भाजली, की गरमगरम हातावर चोळायची. हिरवे दाणे सुटतात. त्यावर मीठ, जवसाची चटणी, जवळ गुळाचा खडा. धुरपदेच्या आगटीला कुणीही यावं आणि बसावं. आलेल्याला नाव-गाव विचारायचं नाही, अशी तिकडची रीत होती.

आता मला सांगा, शेकोटीशी बसलं की पोट तापतं आणि पाठ गारच राहते. का बरं? माहीत नाही ना? कारण पाठीशी थंडी बसलेली असते. म्हातारी आहे ती. धुक्याची पांढरी घोंगडी पांघरून येते आणि सगळ्यांच्या मागं बसते. बाकीचे लोक तिला शिव्या घालतात. धुरपदा मात्र मूठभर हुरडा मागं टाकायची आणि म्हणायची, "खा गं बाई. तू हाईस म्हनून दाना गोड हाय."

मग एकदा काय झालं, तो राजा शिकारीला गेला आणि वाट चुकला. शिपाई एकीकडे, हा एकीकडे. घोडा दमलेला, पोटात कावळे ओरडतायत, नाक लालेलाल. धूर दिसला म्हणून धुरपदेच्या शेतात आला. धुरपदेनं वर बघितलं आणि म्हणाली, "बस की रं बाबा. जरा सरका गं पोरींनो, त्येला जागा द्या."

राजाला आजवर कुणी जागा दिली नव्हती. तो म्हणेल ती जागा त्याची असायची. बसला बापडा मांडी घालून. धुरपदेनं गरम हुरडा चोळून त्याच्या तळहातावर ठेवला. त्यानं खाल्ला. आणखी खाल्ला. कुणीतरी कसलीतरी गंमत सांगितली, सगळे हसले, तोही हसला. पोट भरलं, मग उठला, घोड्यावर बसला आणि गेला. आभार नाही, राम राम नाही. तेही सोडा. पाहुणा होता, पाहुण्याचं मनाला लावून घेऊ नये.

पण हा मेला राजवाड्यात गेला आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, "मला तसाच हुरडा पाहिजे."

मग शिपाई आले. हुरड्यासाठी धुरपदेनं कडेच्या दोन ओळी वेगळ्या राखल्या होत्या. त्यातली एक ओळ सगळी कापली, शेतातच भाजली, दाणे पाटीत भरले आणि राजवाड्यावर नेले. जाईपर्यंत दिवस गेला. हुरडा गार, चिवट. राजानं एक घास खाल्ला आणि चांदीची ताटली भिरकावली. "हा तो नव्हे!"

मग दुसऱ्यांदा शिपाई आले. दुसरी ओळ कापली, गोवऱ्या गाडीत घातल्या आणि धुरपदेलाही गाडीत घातलं. तिनं वाटभर तोंड सोडलं होतं. बैल तेवढे शहाणे, कान हलवत ऐकत होते. राजवाड्याच्या चौकात आगटी पेटवली. संगमरवर काळा झाला. राजा एकटा गादीवर बसला. चहूबाजूंनी पडदे सोडलेले, अंगावर तीन शालजोड्या. दुपारी पोटभर जेवला होता ते वेगळंच. धुरपदेनं हुरडा चोळून दिला. त्यानं खाल्ला आणि नाक मुरडलं. म्हणाला, "शेतात लागला तसा लागत नाही. तू काहीतरी चोरून ठेवतेस."

धुरपदा म्हणाली, "चोरू कशाला? हितं थंडी न्हाई, भूक न्हाई, शेजारी मानूस न्हाई. हुरडा गोड लागंल कशानं?"

खरं बोलली की नाही? पण खरं बोललेलं राजाला झोंबतं. तो लालबुंद झाला. रात्रभर विचार केला, आणि विचार काय केला तर हा: इतके लोक हुरडा खातात, सगळी गोडी तेच संपवतात, म्हणून मला उरत नाही. बघा, काय डोकं चालतं एकेकाचं! सकाळी हुकूम सोडला, "ते सगळं शेत हुरड्यातच कापा. एक कणीस ठेवू नका. सगळं माझ्याकडे आणा. मी स्वतः येतो, पहिला विळा माझा. माझ्याआधी कुणी हात लावायचा नाही!"

आता नीट ऐका, झोपू नका इतक्यात. हुरडा म्हणजे कोवळी ज्वारी. दोन ओळी खाल्ल्या तर मौज. बाकीची पिकू द्यायची. पिकली, की तिची वर्षभर भाकरी होते आणि धाटांचा कडबा बैल खातात. सगळं शेत कोवळंच कापलं, तर पुढं चुलीवर काय ठेवायचं? आणि ती ज्वारी एकट्या धुरपदेची नव्हती. त्या शेतात अकरा घरं राबायची आणि अकरा घरं त्यावरच जेवायची. एका माणसाच्या जिभेसाठी अकरा घरांचे तवे गार पडणार. मग राग येणार नाही तर काय येईल?

धुरपदा त्याच दिवशी घरी परतली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी राजा आला. मागं प्रधान, मागं शंभर शिपाई, शंभर विळे. धुकं पडलेलं. धुरपदा बांधावर उभी राहिली. पदर खोचला आणि म्हणाली, "माझ्या आगटीला जेवलास. मी तुझं नाव इचारलं न्हाई. आता मला कळलं तुझं नाव काय हाय ते. खादाड हाय तुझं नाव."

शिपायांनी तिला बाजूला केलं. ढकललंच. गुणाजी पुढं झाला, त्यालाही ढकललं. आणि राजा शेतात शिरला. डाव्या हातानं पहिलं धाट गच्च धरलं, उजव्या हातात विळा घेतला आणि ओरडला, "हे सगळं माझं!"

तेव्हा धुरपदा जी संतापली! ती राजावर नाही ओरडली. ती त्याच्या मागच्या धुक्यावर ओरडली. "अगं ए थंडे! कुठं मेलीस? बारा वर्सं माझ्या आगटीशी बसतीस, माझा हुरडा खातीस. एका सालीबी हाकललं का तुला? आज माझ्या शेताला इळा लागतोय आन् तू पाठीमागं बसून बघतीस व्हय?"

धुकं हललं. त्यातून म्हातारी उठली. पांढरी घोंगडी, पांढऱ्या भुवया, गुडघ्यांत वाकलेली. थंडी कधी कुणाला दिसत नाही, पण त्या दिवशी शंभर शिपायांनी पाहिली. ती म्हणाली, "वरडू नगं. उठाया येळ लागतो म्हाताऱ्या मानसाला." मग सावकाश चालत राजापाशी गेली. त्याच्या गच्च आवळलेल्या मुठीकडं बघितलं आणि म्हणाली, "ही जागा बरी हाय. ऊब हाय." आणि बारीक बारीक होत त्या मुठीतच जाऊन बसली.

मूठ गोठली! धाट मुठीत आणि मुठीला धाट. सुटेना. राजानं उजव्या हातानं विळा मारला, विळ्याची धारच मुडपली. दुसरा विळा घेतला, तो मोडला. धाट लोखंडासारखं झालं होतं. खेचलं तर मुळं हलेनात, बसायला गेला तर धाट वाकेना. प्रधान धावला. म्हणाला, "महाराज, आम्ही बाकीचं शेत कापतो, मग बघू."

राजा केकाटला, "माझ्याआधी? हात तोडीन!"

घ्या. आता काय करायचं? त्याच्याआधी कापायचं नाही, आणि त्याला कापता येईना. शंभर शिपाई शंभर विळे घेऊन नुसते उभे. कापा म्हणायची अक्कल त्याला तिसऱ्या दिवशी आली. पण तोवर थंडी इतकी पडली होती, की शिपायांचे दात वाजून वाजून हलायला लागले होते. एकेक करून सगळे घरी पळाले होते. प्रधान तेवढा उरला होता. त्यानं राजवैद्य आणला. वैद्यानं गरम तेल ओतलं, तेल हाताला लागायच्या आत थिजलं. मग वैद्य हळूच म्हणाला, "हात मनगटापासून कापला तर..."

धुरपदा तरातरा आली. "काय म्हनलास? हात कापतोस? माझ्या शेतात रगत सांडतोस? ज्वारी हाय ही! खातात तिला! चल नीघ!" वैद्य आपली पेटी तिथंच टाकून पळाला, त्याच्यामागं प्रधानही पळाला. राजा एकटा राहिला, ज्वारीत उभा.

तो म्हणाला, "मला सोडव."

धुरपदा म्हणाली, "मी कशाला सोडवू? मी धरलंय का तुला? तूच धरलंयस."

आणि घरी गेली. त्याच्याकडं वळूनही बघितलं नाही. चांगलं केलं. तुम्हाला तिची कीव यायला हवी, त्याची नाही.

पण घरी गेल्यावर भाकरी थापताना तिचा हात चालेना. एक भाकरी करपली. तिनं तवा आपटला, परात आपटली आणि गुणाजीवर ओरडली, "मानूस हाय का दगड हाय मी? उपाशी मरंल की तो मेला!" गुणाजी काहीच बोलला नव्हता, बरं का. मग तिनं भाकरी आणि आमटी घेतली, जुनी घोंगडी घेतली आणि तरातरा शेतात गेली. घोंगडी त्याच्या अंगावर फेकली. भाकरी उजव्या हातात कोंबली. पाठीशी कडब्याच्या चार पेंढ्या लावल्या, टेकायला. आणि हे सगळं करताना तोंड चालूच. "खा. गिळ. अकरा घरांचं खायाला निगाला व्हतास. हे घे, एका घरचं खा."

मग रोज हे चालू. रोज भाकरी आणि रोज शिव्या. राजा आधी गप्प खायचा. मग एके दिवशी म्हणाला, "उद्या चटणी आणाल का?" तिनं शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दिवशी चटणी आणली.

पाखरं यायची, कणसांवर तुटून पडायची. धुरपदा म्हणाली, "हुबा हाईसच तर पाखरं तरी हाकल. फुकट खातोस." मग राजा ओरडायला लागला, "हाऽ हाऽ हुर्रऽ!" आधी बारीक आवाजात, कुणी ऐकेल म्हणून. मग मोठ्यानं. पोरं बांधावर येऊन हसायची. तोही ओशाळं हसायचा. सकाळी दव पडायचं, त्याच्या मिशांवर थेंब साचायचे. दुपारी ऊन पाठीवर यायचं. इतकं बरं वाटायचं त्याला, की डोळे मिटायचे. रोज सकाळी समोरचं कणीस तो निरखून बघायचा. दाणा आधी हिरवा होता, मग पिवळट झाला, मग पांढरा, मग टणक. आख्ख्या राज्याचा राजा, आणि दाणा कसा भरतो हे त्याला ठाऊक नव्हतं! दर भाकरीला तेच तर खात होता मेला.

संक्रांत झाली. पौष संपला, माघ आला. मग शिवरात्र आली. आणि तुम्हाला ठाऊक आहे, शिवरात्रीला थंडी शिव शिव करत जाते. तशी ती त्या सकाळी राजाच्या मुठीतून बाहेर आली. कमरेवर हात ठेवून ताठ झाली आणि म्हणाली, "आवघडले गं बाई. शिव शिव शिव." आणि नदीकडं निघून गेली.

राजाची मूठ उघडली. बोटं वाकडीच होती, ती त्यानं एकेक करून सरळ केली. शेत पिकलं होतं. कणसं पांढरी आणि जड झाली होती.

ही बातमी कशी पोचली कोण जाणे, पण प्रधान शिपायांना घेऊन हजर. अंग चोरत म्हणाला, "महाराज, हात सुटला! हुकूम करा. आता सगळं पिकलंय. शंभर गाड्या आणल्यात."

अकरा घरांची माणसं बांधावर आली. धुरपदा पुढं, पदर खोचलेला. राग होताच, पण आज भीतीही होती. कारण आता थंडी गेली होती. आता हाक मारायला कुणी नव्हतं.

राजानं शिपायांकडं बघितलं. मग म्हणाला, "विळे ह्या लोकांना द्या. ज्वारी हे कापतील. तुम्ही पेंढ्या बांधा आणि ह्यांच्या खळ्यावर नेऊन टाका. गाड्या आणल्याच आहेत." आणि स्वतः खाली वाकून एक विळा उचलला.

धुरपदा ओरडली, "असा धरत्यात का इळा? बोट तुटंल!"

बोट कापलंच. तिनं चिंधी बांधली आणि आणखी चार शिव्या दिल्या. राजानं दिवसभर काम केलं. गुणाजीच्या शेजारच्या ओळीत होता, आणि गुणाजी त्याच्याशी चक्क दोन वाक्यं बोलला. संध्याकाळी शेत मोकळं झालं, कडब्याची गंज लागली, ज्वारी खळ्यावर गेली. एक कणीसही राजवाड्यावर गेलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली, की ज्याचं जे पिकेल ते त्यानं खावं. पोरांनी बोरी झोडपून काढल्या.

पण त्या संध्याकाळी, निघताना, राजा धुरपदेपाशी आला. हात जोडले. म्हणाला, "धुरपदाबाई, चुकलो. तुमचा राग गेला का?"

धुरपदा म्हणाली, "न्हाई."

बरोबरच आहे. का जावा? तिच्या माणसांना ढकललं होतं, तिच्या पोराबाळांच्या तोंडचं काढून न्यायला आला होता. राग काय चुलीवरचं दूध आहे, फुंकर मारली की खाली बसायला?

राजाचं तोंड एवढंसं झालं. तो म्हणाला, "मग पुढच्या पौषात मी हुरड्याला यायचं नाही का?"

धुरपदेनं त्याच्याकडं डोळे वटारून बघितलं. "यायला कोन नगं म्हनलं? राग येगळा आन् हुरडा येगळा. ये. भूक घिऊन ये, आन् घोडं लांब बांध, ज्वारी खातंय मेलं."

मग तो दर पौषात गेला. धुरपदा दर पौषात त्याला चार शब्द ऐकवायची आणि पाच मुठी हुरडा द्यायची. अकरा घरांचे तवे रोज तापले. सगळी सुखानं राहिली. धुरपदासुद्धा सुखानं राहिली, रागातच, पण सुखानं.

संपली. आता कुणी बोलायचं नाही, कुणी पाणी मागायचं नाही. दिवा मी मालवते. डोळे मिटा बघू. मिटा म्हटलं ना.